कोयता हातात येण्याआधीची चार वर्षं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय तुम्हाला नवा नाही. तुमच्या मोबाइलमध्ये तो रोज येतो. पाच-सहा दुचाकींवरून पोरं येतात, उभ्या रिक्षांच्या काचा फोडतात, कोयते हवेत फिरवतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, ‘कोयता गँगची दहशत’. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हा शब्द आता इतका रुळलाय की लहान मुलं खेळातसुद्धा तो वापरतात.

मी गेली अकरा वर्षं पुण्यातल्या एका वस्तीत अभ्यासिका चालवतो. तिथे येणारी काही मुलं आज बँकेत आहेत, एक जण वकिली शिकतोय. आणि तिथेच येणारी दोन मुलं बालसुधारगृहात जाऊन आली आहेत. त्यामुळे ‘ही पोरं कोण?’ असं कुणी विचारलं तर मला ती बाहेरून आलेली वाटत नाहीत. ती आपल्याच गल्लीतली आहेत.

आधी हत्याराबद्दल बोलू. कोयता हे मुळात हत्यार नाहीच. ऊस तोडायला, शहाळं तासायला लागणारं ते अवजार आहे. शस्त्र कायद्याखालच्या नियमांनी नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार हत्यारं बंधनाखाली आणली आहेत, पण शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना त्यातून वगळलंय. वगळायलाच हवं, नाहीतर बीडहून येणाऱ्या ऊसतोड मजुराला पहिल्याच नाक्यावर अडवावं लागेल. म्हणजे नुसतं पातं पकडून हा प्रश्न सुटणार नाही. ते ज्या हातात जातं, त्या हातापर्यंत आपल्याला पोचावं लागेल.

तो हात बहुतेक वेळा सोळा-सतरा वर्षांचा असतो. मी अशा मुलांना विचारतो, ‘बाबा रे, जवळ का ठेवतोस?’ मोठेपणा मिरवणारं उत्तर क्वचित मिळतं. बहुतेक जण म्हणतात, ‘सर, त्यांच्याकडे आहे ना.’ आपण ज्याला दहशत म्हणतो, तिच्या मुळाशी ही भीती आहे. या गल्लीतला मुलगा त्या गल्लीला घाबरून कोयता ठेवतो, त्या गल्लीतला या गल्लीला घाबरून. मग एखाद्या दिवशी कुणीतरी रागाने बघतो, कुणाच्या तरी स्टेटसवर कुणाचं तरी नाव येतं, आणि जे भांडण पूर्वी दोन थपडांवर मिटलं असतं ते ससूनच्या अपघात विभागात जाऊन थांबतं.

या भीतीवर धंदा करणारे लोक आहेत. त्यांना आपण ‘भाई’ म्हणतो. भाईच्या बड्डेला चौकात तलवारीने केक कापला जातो, त्याचं रील होतं, फ्लेक्सवर खाली शुभेच्छुक म्हणून आठवी-नववीतल्या पोरांचे फोटो लागतात. शाळेत ज्याचं नाव फक्त नापासांच्या यादीत लागलं, त्याचा फोटो पहिल्यांदा चौकात लागतो. हे आकर्षण किती जबरदस्त आहे ते ओळखा. त्याला नुसतं ‘वाईट संगत’ म्हणून चालणार नाही.

आता वयाचा हिशेब बघा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. चौदाव्या वर्षी तो हात सोडतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा चौदापर्यंतच्या मुलाला कामावर ठेवू देत नाही, पण चौदा ते अठराच्या मुलाला फक्त धोक्याच्या कामांपासून वाचवतो. मतदार, लायसन्सधारक, पक्क्या नोकरीचा उमेदवार तो होतो अठराव्या वर्षी. मधली चार वर्षं त्याला विचारणारं कुणी नाही. नववीत शाळा सुटते, गॅरेजवर किंवा चिकनच्या दुकानात काम मिळतं, तेही सुटतं. त्याच चार वर्षांत भाई त्याला विचारतो, ‘जेवलास का?’

आणि भाई त्याला आणखी एक गोष्ट सांगतो, ‘तू अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही.’ हे खोटं आहे, आणि खोटं का आहे ते तुम्हाला पाठ असायला हवं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करतं आणि त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. याच कायद्याचं कलम ८३ असं सांगतं की जो प्रौढ माणूस किंवा टोळी मुलांना बेकायदा कामाला लावते, तिला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. पोराची धिंड निघते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पोराला पाठवणाऱ्यावर हे कलम लावा, असं पोलीस ठाण्यात जाऊन आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

हे थांबवता येतं का? येतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं उदाहरण देतो. तिथे गल्लीगल्लीत चाकू घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. २००४-०५ या वर्षात स्कॉटलंडमध्ये १३० हून जास्त खून झाले होते. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. तो उभा करणारे दोघे होते, जॉन कार्नोकन हे पोलीस अधिकारी आणि कॅरन मॅकक्लस्की या विश्लेषक. हिंसा साथीच्या रोगासारखी पसरते, म्हणून ती साथीसारखीच रोखायची, हा त्यांचा विचार. नुसती आजारी माणसं कोंडून साथ जात नाही, ती कुठून पसरते ते शोधावं लागतं.

२००८ मध्ये त्यांनी टोळ्यांमधल्या पोरांना न्यायालयाच्या सभागृहात बोलावलं. ही कल्पना अमेरिकेतल्या बोस्टन आणि सिनसिनाटी या शहरांत आधी वापरलेली होती. पोलीस म्हणाले, तुमच्यातल्या एकाने हिंसा केली तर सगळ्या टोळीच्या मागे लागू. डॉक्टरांनी जखमा कशा असतात ते सांगितलं. मुलगा गमावलेली आई बोलली. आणि शेवटी एक फोन नंबर दिला गेला. ज्याला हे सोडायचंय त्याने फोन करावा, शिक्षण, काम, व्यसनमुक्ती यांची सोय आम्ही करू. पुढे २०१५ पासून तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात असे कार्यकर्ते नेमले गेले, जे जखमी पोराच्या खाटेशी बसून बोलतात. चाकू बाळगण्याची शिक्षाही वाढवली गेली. म्हणजे पोलीस मऊ झाले नाहीत, पण ते एकटे राहिले नाहीत. अलीकडच्या वर्षांत स्कॉटलंडमधल्या खुनांचा आकडा साठच्या आसपास किंवा त्याहून खाली आला आहे. याचं सगळं श्रेय एकाच उपक्रमाला देता येणार नाही. पण ‘ही पोरं अशीच असतात’ हे वाक्य तिथे खोटं ठरलं.

आपल्याकडे एवढी यंत्रणा नाही. तरी या सभागृहात बसलेल्यांना करता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

पहिली, मारामारीनंतरची रात्र. बदल्याचा बेत त्याच रात्री शिजतो. ज्याचं ऐकलं जातं असं माणूस तेव्हा त्या घरात हवं. मामा, क्रिकेटचा कॅप्टन, शिक्षिका, कुणीही. आपल्या घरांत एक सवय आहे, इज्जत जाईल म्हणून प्रकरण झाकायचं आणि मुलाला महिनाभर गावी पाठवायचं. महिना संपतो, तो परत येतो, आणि भांडण तिथेच त्याची वाट बघत असतं.

दुसरी, जीव वाचवणं. ‘मांडीवर मारलं तर मरत नाही’ असं पोरं मानतात. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत माणूस जातो. पातं आत रुतलं असेल तर ओढून काढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. पातं नसेल तर स्वच्छ कापडाने जखमेवरच जोरात दाबून धरा. १०८ ला फोन करा. ‘पोलीस केस आहे’ म्हणून कुणी उपचार टाळू लागलं तर लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की आधी उपचार, मग कागद.

तिसरी, रील पुढे पाठवू नका. बघणारे नसतील तर अर्धा कोयता म्यान होतो. आणि भाईच्या फ्लेक्सवर तुमच्या धाकट्या भावाचा फोटो असेल तर तो उतरवायला तुम्ही जा.

चौथी सगळ्यात अवघड आहे. सुधारगृहातून परत आलेल्या मुलाला जागा द्या. आमच्या अभ्यासिकेत असा एक मुलगा आला तेव्हा तीन पालकांनी आपली मुलं काढून घेतली. मी त्यांना दोष दिला नाही, त्यांच्या घरी जाऊन बसलो. दोन मुलं परत आली. तो मुलगाही टिकला, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाला.

शेवटी एक कटू गोष्ट. बातमी आली की आपण आधी नाव बघतो. नाव आपल्यातलं नसेल तर हायसं वाटतं, असेल तर ‘फसवलंय’ म्हणतो. दुसरीकडचे लोकही नेमकं हेच उलट्या बाजूने करतात. या पोरांच्या टोळ्या मात्र नावं बघून बनत नाहीत, त्यांच्यात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र आहेत. खोट्या गुन्ह्यात कुणाला अडकवलं असेल तर आपण वकील देऊ, जरूर लढू. पण खऱ्या गुन्ह्यात जखमी झालेला मुलगा कुठल्या नावाचा आहे हे न बघता त्याच्या आईकडेही आपणच गेलं पाहिजे.

इथून घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या गल्लीत नववी-दहावीत शाळा सुटलेला एक मुलगा शोधा. तो भाईकडे पोचायच्या आत त्याला तुम्ही विचारा, ‘जेवलास का?’