ठेका थांबत नाही

(पेठ वडगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘मराठी गीतांतील करुणरस’. तो संयोजकांचा. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, मला ठेक्यावर बोलायचंय. ते म्हणाले, सर, ठेक्यावर माणसं येत नाहीत, रडण्यावर येतात. (हशा) आणि आलात की! तेही कुठं, तर सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे त्या गावात. ज्या माणसाच्या धाकानं मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावत नव्हती म्हणतात, त्याच्या गावात आपण आज तासभर रडण्याची चर्चा करणार.

करुणरसाचं शास्त्र मी काढत नाही. भरतमुनींनी शोक हा त्याचा स्थायीभाव सांगितला, अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक, भवभूतीनं तर बाकीचे सगळे रस करुणाच्याच पोटात घातले. इथं पुढच्या रांगेत बसलेल्या मास्तर लोकांना हे माझ्यापेक्षा जास्त येतं. (समोरून : ‘येत होतं!’ हशा) ठीक. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं तो किस्साही नको. २७ जानेवारी १९६३, दिल्ली, लताबाई, कवी प्रदीप, आणि चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. शंभरदा ऐकलाय तुम्ही. पुढं जाऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे. रडवायचं तर गाणं संथ पाहिजे, ही समजूत खोटी आहे. संथ गाणं उदास करतं, फार तर झोप आणतं. रडवतं ते चालतं गाणं. ज्याचा ठेका तुमच्या दुःखासाठी थांबत नाही, ते. मी हे इतकी वर्षं सांगतोय की घरच्यांनी ऐकणं सोडलंय. म्हणून मी व्याख्यानमाला धरल्यात.

जात्यापासून सुरू करतो. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यात राहून, गावोगाव कार्यकर्ते जोडून, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गी मूळचे फ्रान्सचे, इथलेच होऊन गेले. त्या ओव्यांमध्ये काय नाही? सासुरवास आहे, माहेरची वाट आहे, न आलेला भाऊ आहे, मेलेली आई आहे. पण ही गाणी कोणी मांडीवर हात ठेवून म्हटलेली नाहीत. पहाटे उठून, खुंट्याला हात घालून, दळण पडत असताना म्हटलेली आहेत. डोळे भरले म्हणून जातं थांबवता येत नाही, कारण उजाडल्यावर भाकरी लागणार. माझ्या आत्याला आम्ही एकदा हौसेनं म्हटलं, ओव्या सांग, लिहून घेतो. ती पाटावर बसली, दोन-चार आठवल्या, मग गाडी अडली. म्हणाली, ‘बसल्या जागी येत न्हाईत रं. जातं फिरू दे.’ मग माळ्यावरचं जातं खाली काढलं. रिकामंच. दगडावर दगड घासायला लागला आणि बाई जी सुटली, ती दुपारच्या जेवणापर्यंत. रडत होती, हात चालू होता. मध्येच माझ्या आईला म्हणाली, ‘आमटी उतू जाईल, बघ.’ (हशा) हसू नका, पुरावा आहे हा माझा!

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हाताचे कष्ट गेले, ते चांगलंच झालं. ओवी मात्र बिनकामाची झाली. कॅसेटवर भरली, स्टेजवर आली, संथ झाली. आता ती ऐकून माना डोलतात.

दुसरं उदाहरण शेजारचंच. वारणा ओलांडली की येडे निपाणी. तिथले निवृत्ती रावजी पाटील म्हणजे पी. सावळाराम. जन्म १९१४. पुढं ठाण्याला गेले, तिथले नगराध्यक्षही झाले. त्यांचं ‘गंगा-यमुना’ माहीत नाही असं घर इथं नसेल. चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा. रेल्वे स्थानकावर मुलीला निरोप देणारी आई पाहून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. मला त्या गोष्टीतली आई महत्त्वाची नाही वाटत, गाडी महत्त्वाची वाटते. गाडीला वेळ असते. आईचं बोलून होवो न होवो, ती सुटणार. आता ते गाणं नीट ऐका. आई हंबरडा फोडत नाही, मुलीची समजूत काढते, जा म्हणते. रडायचं काम तिनं आपल्यावर सोडलंय.

आणि इथं मला आमच्या बँडमास्तरांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोन मिनिटांत सांगतो.

आमच्या गावात एक बँड होता. क्लॅरोनेट, दोन ट्रंपेट, साईड ड्रम, ढोल, झांज आणि लाल कोट. मास्तर क्लॅरोनेटवर. शिक्षण चौथी, पण पाठवणीच्या वेळी गावातला एक माणूस कोरड्या डोळ्यांनी घरी जायचा नाही. मी कॉलेजात असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर झांज वाजवायला जायचो. पैशासाठी नव्हे, जेवणासाठी. (हशा) तर मास्तरांचा नियम असा, की मांडवापासून जीपगाडीपर्यंत ठेका एकदा धरला की सोडायचा नाही. आई गळ्यात पडो, आजी खाली बसो, ढोलवाल्यानं बघायचं सुद्धा नाही. चालायचं आणि वाजवायचं.

एका लग्नात मुलीचा मामा मुंबईहून आलेला. मिलमध्ये होता, नाटकं बघितलेली. तो म्हणाला, मास्तर, हे काय वरातीसारखं वाजवताय? जरा संथ घ्या, भावना येऊ द्या. मास्तर काही बोलले नाहीत. ढोल थांबवला, झांज थांबवली, एकट्या क्लॅरोनेटवर सूर लांबवत बसले. मंडळी, काय व्हावं? माणसं उभी राहिली. कोणी टोपी नीट केली. एकजण जीपच्या टायरमधली हवा बघायला लागला. मुलीचा बाप तालमीतला माणूस, मान अशी. तो आचाऱ्याकडं जाऊन हिशेब विचारायला लागला. रडणं जमेचना कोणाला. मुलगी बिचारी चपला शोधत होती.

मग मास्तरांनी ढोलवाल्याकडं नुसतं बघितलं. ठेका सुरू झाला. वरात चालायला लागली. पंधरा-वीस पावलं झाली असतील. तो तालमीतला बाप, त्यानं एकदम मुलीचा हात धरला आणि जो काही फुटला! मामाही रडला. मीही, झांज वाजवत.

रात्री जेवताना मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ‘उभं ऱ्हाऊन माणूस कशाला रडंल? उभं हाय तवर पोरगी हितंच हाय की. ढोल वाजाय लागला की एक एक पाऊल कमी हुतंय.’

यापेक्षा जास्त मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. गाण्यातले शब्द दुःखाचे असतात, ठेका मात्र जगाचा असतो. जग चालू राहतं, तेच सोसत नाही माणसाला.

(बाहेरून वरातीचा आवाज. हशा.) घ्या! डॉल्बी आला. हा माझ्या विरोधातला पुरावा, असं कोणाला वाटेल. ठेका आहे, चालतोय, मग रडू का येत नाही? कारण तो ठेका कोणाच्या पावलांचा नाही. ट्रॅक्टर उभा, पोरं तिथल्या तिथं. थांबू दोन मिनिटं. गेला? गेला.

(श्रोत्यांतून : ‘मग रफीसाहेबांचं काय? ‘नील कमल’चं पाठवणीचं गाणं म्हणताना ते स्वतःच रडले होते!’)

हे प्रत्येक गावात कोणीतरी विचारतंच. ऐकलीय ती गोष्ट. मुलीचा साखरपुडा झाला होता, गाताना गळा भरून आला. असेलही. मी कुठं म्हणतो गाणाऱ्यानं रडू नये? रेकॉर्ड लावा आणि सांगा, ठेका कुठं सुटलाय का. (पुन्हा : ‘पण गाणं संथच आहे!’) संथ म्हणजे किती संथ? अहो, चालता येतं त्यावर! निम्म्या महाराष्ट्राच्या मुली त्याच गाण्यावर चालत सासरी गेल्या! (हशा, टाळ्या) आणि भैरवी म्हणत असाल तर तिची गोष्ट वेगळी आहे. मैफलीत ती शेवटी येते. घरी जायची वेळ झालेली असते, रडू आलं तर त्याचं श्रेय सुरांना कशाला?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताय. घड्याळ पुढं आहे तुमचं. बरं, पळतो.

अण्णाभाऊ साठे. खरं तर अर्धा तास यांच्यासाठी ठेवला होता. वाटेगाव इथनं काय लांब नाही, कासेगावजवळ. पोरवयात बापाबरोबर चालत मुंबई गाठली त्यांनी. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड. छक्कड म्हणजे लावणीच्या घराण्यातली, डफ-तुणतुण्यावरची, उडत्या ठेक्याची. आणि त्यात आहे काय? पोटासाठी मुंबईला गेलेला गडी आणि गावाकडं राहिलेली बायको. गिरणगावात ती ऐकून जी माणसं रडली, ती ठेका धरून रडली. मग अण्णाभाऊ काय करतात, त्याच ठेक्यात बायकोच्या जागी मुलूख आणून ठेवतात. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. गाणं तेच, चाल तीच, आणि ताटातूट एका माणसाची होती ती सगळ्या भाषेची झाली. ही छक्कड विलंबित लयीत म्हणून बघा कोणीतरी. बेळगाव आठवणार नाही, बसची वेळ आठवेल. सीमेपलीकडं निपाणीला पाहुणे असलेली माणसं या सभागृहात असतील, त्यांना मी काय वेगळं सांगायचं.

गीतरामायण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, छप्पन्न गाणी. गदिमा आणि सुधीर फडके. बाबूजी जन्मानं कोल्हापूरचे, हे दरवर्षी इथं कोणीतरी सांगत असेलच. चित्रकूटावर राम भरताची समजूत काढतो ते गाणं घ्या. राग यमनकल्याण. यमनाला कोण रडका राग म्हणेल? राम स्वतः शांत. ठेका कुठं अडखळत नाही. बाप गेलाय, राज्य गेलंय, आणि हा माणूस समजावत चाललाय. म्हाताऱ्या माणसांना हे गाणं रेडिओवर लागलं की चष्मा पुसताना बघितलंय मी.

शास्त्राकडून एकच साक्षीदार. जॉन स्लोबोडा नावाचे इंग्रज मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांची पाहणी प्रसिद्ध केली. गाण्यात नेमकं कुठं रडू येतं, अंगावर काटा कुठं येतो. रडू बहुतेक वेळा तिथं, जिथं स्वर आधी शेजारच्या स्वरावर टेकतो आणि मग आपल्या जागी उतरतो. आपल्याकडचे गाणारे अशा जागांवर जीव टाकतात. आता बघा, टेकलेला स्वर उतरायचा कधी, हे कोण ठरवतं? मात्रा ठरवते. ठेका! (समोरून : ‘असं ते म्हणालेत?’) नाही, ते नाही म्हणाले. मी म्हणतोय. (हशा) त्यांनी आमच्या मास्तरांचा ढोल ऐकला नव्हता.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांवर बोलायचं राहिलं. तिथं गाणं संपायच्या आत परीक्षक रडतात, कॅमेरा त्यांच्यावर जातो, आणि मागं व्हायोलिन वेगळंच वाजतं. जुनी चालती गाणी घेऊन त्यांची हाडं मोकळी करून म्हणायची नवीन पद्धत आलीय, गिटारवर, डोळे मिटून. त्याचा समाचार घेणार होतो. सोबत तबलजी आणले होते, एकच ओळ दोन लयींत वाजवून दाखवणार होतो. पण त्यांना शेवटची एसटी आहे आणि ते मघापासून डग्ग्याला गवसणी घालून बसलेत. मी बघतोय.

दुसरी चिठ्ठी. अध्यक्षांना दहा मिनिटं बोलायचंय, म्हणजे अर्धा तास. (हशा) तेव्हा आवरतो. प्रश्न असतील ते चहाच्या वेळी विचारा. रफीसाहेबांचा सोडून कुठलाही चालेल.