मर्सी गावचा इमाम आणि देवगिरीतला दोस्त
(धर्माबादच्या तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल. मॅट्रिक. कविता लिहितो. हमालानं टीव्हीवर काय बोलावं, असं काहींना वाटत असेल. रात्रपाळीला बोट लागायची वाट बघत बसलं की मोबाईलवर सगळ्या जगाचा टीव्ही दिसतो. तिथंच मी 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' बघितली. कॅनडातली विनोदी मालिका, सीबीसीवर २००७ ते २०१२ चालली. रचणारी झरका नवाझ, स्वतः मुसलमान बाई. सस्कॅचवान प्रांतातलं मर्सी हे काल्पनिक खेडं. तिथल्या मूठभर मुसलमानांनी चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन मशीद मांडलेली.

पहिल्या भागात टोरांटोचा तरुण वकील इमाम व्हायला निघतो. विमानतळाच्या रांगेत आईशी फोनवर बोलतो. बाप म्हणतो, वकिली सोडणं ही आत्महत्या. म्हणू दे, ही अल्लाची मर्जी. आजूबाजूच्यांच्या कानावर 'आत्महत्या' न 'अल्ला' एवढंच पडतं. झालं! पोलीस हजर.

मी लई हसलो. शेजारी आमच्या टोळीतला दोस्त होता, इकडचाच, मुसलमान. तो हसला नाही. म्हणाला, "छोड़े क्या उसको?"
"हाव, छोड़े."
"तो पिक्चरच है."

हाच दोस्त देवगिरीनं गावाकडं येताना डब्यात अम्माचा फोन आला की सलाम करत नाही. नुसतं 'हां, हां, पहुंचके बोलतूं.' ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायानं आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. तेव्हापासूनची ही सवय.

आणि विनोद करणारा मुनव्वर फारूकी? डोंगरीत राहिलेला पोरगा, गोदीपासून हाकेच्या अंतरावर. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये कार्यक्रमातूनच उचलला. २८ जानेवारीला हायकोर्टानं जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं दिला. महिनाभर तुरुंग! मर्सीच्या इमामाला एका भागात सुटका मिळते.

तरी मालिका मला आवडली. ती गोऱ्यांवर हसते, तशी आपल्या लोकांवरही हसते. मशिदीत बायकांसमोर आडपडदा घालायचा का, यावर दुसऱ्या भागात जुंपते. नवाझबाईनं याच प्रश्नावर २००५ साली माहितीपट केलेला. म्हणजे घरातलं भांडण घरातल्या बाईनं चव्हाट्यावर आणलं, आणि तिच्या हातात लेखणी होती. आपल्याकडं १९८६ साली दूरदर्शनवर 'नुक्कड' आली. त्यातला कादरभाई हॉटेलवाला होता, उधारीला वैतागलेला माणूस होता. आता मराठी विनोदी कार्यक्रमात बहुतेक वेळा जाळीची टोपी येते, 'क्या मियाँ' येतं, माणूस येत नाही. आपल्या वस्तीची बोली पण तिथं अशीच हशासाठी वापरतात, ते आपल्याला झोंबतं.

पण दोस्तांनो, मॅचच्या दिवशी 'काय मियाँ, तुझं पाकिस्तान हरलं' असं टोळीत त्याला कोण म्हणायचं? मी. निळा झेंडा खांद्यावर घेणारा मी. तो हसायचा. मला वाटायचं, मस्करी चालते त्याला. देवगिरीत त्याचा तो फोन ऐकल्यावर कळलं, चालत नव्हती.

परवा पाळीवर त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मालूम था," आणि गोणीचं दुसरं टोक धरलं.