आकाशातील अदृश्य छत



तंजावरच्या मराठी राज्यामुळे कावेरीचे खोरे महाराष्ट्राला परके नाही. त्याच खोऱ्यात कुंभकोणमजवळ पापनाशम् हे गाव आहे. तेथून पूर्वेला, समुद्रापलीकडे, पोर्ट ब्लेअर सुमारे १४५० किलोमीटरांवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे या दोन गावांना जोडणारी सरळ रेषा मध्यभागी समुद्रसपाटीच्या सुमारे ४० किलोमीटर खालून जाईल. रेडिओलहरी तर प्रकाशाप्रमाणे सरळ जातात. मग एका गावाचा संदेश दुसऱ्या गावी पोहोचावा कसा?

१९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. वातावरणात उंचावर विद्युत्वाहक थर असावा, असे अनुमान १९०२ मध्ये केनेली व हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे मांडले. प्रत्यक्ष प्रमाण मात्र १९२४ साली ॲपल्टन व बार्नेट यांच्या प्रयोगाने मिळाले. भारतात शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्त्यास या संशोधनाचा पाया घातला.

हा थर म्हणजे आयनांबर. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तेथील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. या इलेक्ट्रॉनांमधून जाताना लघुलहरी हळूहळू वाकतात आणि पुन्हा भूमीकडे वळतात. कंप्रता फार वाढली, तर त्या थर भेदून अवकाशात निघून जातात. सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील सर्वांत खालचा थर दिवसा मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो. वरचे थर टिकून राहतात. म्हणूनच रात्री दूरची केंद्रे ऐकू येतात.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंप व त्सुनामीने अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला. त्या वेळी हौशी रेडिओ संचालक भारती प्रसाद व त्यांचे सहकारी आपल्या यंत्रांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांनी लघुलहरींवरून मुख्य भूमीशी संपर्क साधला आणि बेटांवरील माणसांची खुशाली त्यांच्या आप्तांपर्यंत पोहोचविली. जमिनीवरील यंत्रणा कोलमडली, तरी आकाशातील छत शाबूत होते. त्याचा उपयोग जाणणारी माणसेही होती.

विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग अवश्य करावा. मध्यमलहरींचा रेडिओ दुपारी आणि रात्री लावून कोणकोणती केंद्रे लागतात, याची आठवडाभर नोंद ठेवावी. न दिसणाऱ्या थराची घडामोड त्या वहीत आपोआप उमटेल.