पुन्हा खेळताना मन का रमत नाही?

(निमोणे, ता. शिरूर येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

यात्रेतला वग पूर्वी पाहिलेला असला तरी गावकरी पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. त्याच गावचा तरुण कारखान्यातील पाळी संपवून येतो, एकदा पुरा केलेला व्हिडिओ गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि तासाभरात कंटाळून बंद करतो. पहिल्या वेळी याच खेळाने त्याची झोप उडवली होती. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी जी चळवळ लढली, तिला उरलेल्या तासांचे काय होते हे क्षुल्लक मानता येत नाही.

२०११ साली आलेला 'स्कायरिम' हा खेळ घ्या. खेळाडू आरंभी कैदी असतो. शिरच्छेदाच्या तोंडून तो निसटतो आणि पुढे वाटेल तिकडे जायला मोकळा होतो. डोंगरापलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि अंगावर धड चिलखतही नसते. हे अज्ञान आणि ही नड, हेच त्या खेळाचे खरे भांडवल होय.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे लगेच घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम सांगेल. गॉसेनने तो १८५४ मध्ये मांडला. पण तो नियम सलग उपभोगाचा आहे. पाच वर्षांनी पुन्हा हाती घेतलेल्या खेळाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. टिबोर सिटोव्हस्की याने १९७६ मधील 'द जॉयलेस इकॉनॉमी' या ग्रंथात सुखसोय आणि आनंद यांत जो भेद केला, तो येथे अधिक उपयोगी पडतो. नड भागत असताना आनंद होतो; ती कायमची भागली की सोय उरते, आनंद आटतो. दुसऱ्या खेपेस खेळाडूला उत्तम तलवार कोठे पुरली आहे हे माहीत असते. तो सरळ तेथे जातो. प्रवासी होता, त्याचा आता व्यवस्थापक झालेला असतो, आणि व्यवस्थापकाला डोंगर दिसत नाही, अंतर दिसते.

मग वग का शिळा होत नाही? त्याची कथा तर सर्वांना पाठ असते. कारण सोंगाड्या समोरचा गाव पाहून बोलतो. गावच्या निवडणुकीवर, न आलेल्या एस.टी.वर तो बतावणीत कोटी करतो. प्रेक्षक हसला तर ती लांबवतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे कारभारी सुपारी देण्यास जातात, ते नव्या कथेसाठी नव्हे. खेळातील पहारेकरी मात्र शंभराव्या भेटीतही तेच वाक्य ऐकवतो. तेव्हा दोष खेळाडूच्या चंचलपणाचा नाही.

काही खेळाडू स्वतःवरच बंधने घालून घेतात: एकदा मेल्यावर पुन्हा उठायचे नाही, सगळीकडे पायीच जायचे. हरवलेली नड ते हाताने परत आणतात. याहून मोठे काम मात्र 'मॉड' रचणाऱ्यांनी केले. २०१२ मध्ये बेथेस्डा कंपनीने 'स्कायरिम'ची साधने लोकांस खुली केली आणि हौशी मंडळींनी नवी गावे, नवी पात्रे, नवे ऋतू रचून सर्वांना फुकट दिले. खेळ पुन्हा खेळण्याजोगा राहिला तो बऱ्याच अंशी या विनावेतन श्रमामुळे.

एप्रिल २०१५ मध्ये वितरक व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी या मॉडची विक्री सुरू केली. रचणाऱ्याचा वाटा २५ टक्के. ७५ टक्के दोन्ही कंपन्यांचे. शेतमालाच्या बाजारात उभे राहिलेल्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल. खेळाडूंनी असा गहजब केला की चार-पाच दिवसांत योजना गुंडाळून पैसे परत करावे लागले. त्या संतापात रचणाऱ्याला मोबदला मिळावा की नाही, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला. अनेकांना खेळ फुकट हवा होता, इतकेच. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, बेथेस्डाने विक्रीची दुसरी व्यवस्था आणली. तीत कोणाची रचना घ्यायची हे कंपनीच ठरवू लागली.