षड्ज ज्याचा त्याचा



पन्नास वादक एकत्र वाजवू लागले की प्रत्येकाने आपले वाद्य कोणत्या स्वराशी जुळवावे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. युरोपला तो दीर्घकाळ छळत होता. तेथे अठराव्या शतकापर्यंत गावागणिक, चर्चगणिक ऑर्गनची पट्टी निराळी असे. १७११ मध्ये जॉन शोर या इंग्रज ट्रंपेटवादकाने नादकाटा घडवला आणि पट्टी खिशात घालून नेण्याची सोय झाली. हँडेलचा म्हणून जतन केलेला नादकाटा सेकंदाला सुमारे ४२२.५ कंपने देतो. आज त्याच ‘ए’ स्वराची मान्य कंपनसंख्या ४४० आहे.

पट्टी चढली कशी? तार अधिक ताणली की नाद तेजस्वी वाटतो. एकोणिसाव्या शतकात मोठ्या सभागृहांतील वाद्यवृंदांत याचीच चढाओढ लागली आणि तिचा भार गायकांच्या गळ्यावर पडला. अखेर १८५९ मध्ये फ्रान्सच्या शासनाने रॉसिनी, बर्लिओझ यांच्यासारख्या संगीतकारांची समिती नेमून ४३५ कंपनांची पट्टी कायद्याने ठरवली. १९३९ च्या लंडन परिषदेने ४४० हा आकडा स्वीकारला आणि पुढे १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याची शिफारस केली. तरीही युरोपातील काही नामवंत वाद्यवृंद आजही ४४२-४४३ वर जुळवतात, तर जुन्या शैलीचे वादक ४१५ वर.

भारतीय परंपरेने मात्र हा प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दोन समान वीणांचा प्रयोग आहे. एक वीणा अचल ठेवायची, दुसरी श्रुतीश्रुतीने उतरवत न्यायची आणि दोहोंतील अंतर कानाने पारखायचे. तेथे बावीस श्रुती सांगितल्या आहेत, पण षड्जाला ठरावीक उंची दिलेली नाही. स्वरांचे परस्परनाते स्थिर. आधारस्वर गाणाऱ्याच्या गळ्यानुसार. म्हणूनच पुरुष गायक काळी एकच्या आसपास, म्हणजे सुमारे १३९ कंपनांवर षड्ज लावतो, तर स्त्रीचा षड्ज बहुधा काळी चारच्या आसपास, सुमारे २०८ वर असतो. मिरजेचे कारागीरही पुरुषांचा तानपुरा मोठा आणि स्त्रियांचा लहान घडवतात. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या या वाद्याच्या घडणीतच गळ्याचा विचार आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून पेटी आली आणि घराघरांत रुळली. तिच्यामुळे गाणे सुलभ झाले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण तिच्या सप्तकाचे बारा भाग समान असतात. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, त्याहून पेटीचा शुद्ध गंधार अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही सिद्ध झाली, परंतु ती प्रचारात रुळली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. १९७१ पासून ती शिथिल झाली. बंदीने प्रश्न सुटला नाही, कारण तो पेटीपेक्षा कानाचा होता.

आज हा प्रश्न पुन्हा दाराशी आला आहे. भ्रमणध्वनीतला तानपुरा कोणत्याही पट्टीत क्षणात वाजतो, तरी अनेक संगीतवर्गांत वीस मुले-मुली एकाच पट्टीत गातात. एखाद्याचा गळा मंद्रात बुडतो, एखादीचा तारसप्तकात चिरकतो. मग घरी शिक्का बसतो, ‘हिला गळा नाही.’ पुष्कळदा तिला गळा असतो. तिचा षड्ज तेवढा कुणी शोधलेला नसतो.

पालकांनी याबाबत दोन गोष्टी आग्रहाने कराव्यात. पाल्याची पट्टी गुरूकडून स्वतंत्रपणे निश्चित करून घ्यावी आणि वय वाढेल, आवाज फुटेल तशी ती पुन्हा तपासावी. दुसरे, रोज काही काळ पेटी मिटून केवळ तानपुऱ्यावर षड्ज लावण्याची सवय घालावी. सहा स्वरांना जन्म देणारा तो षड्ज, अशी त्याची व्युत्पत्ती परंपरेने सांगितली आहे. तो प्रत्येकाला आपल्याच कंठात सापडावा लागतो.