चौकशा करणाऱ्याचं कसब



 मराठी शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांपुढे आज एकाच प्रश्नावर बोलतो. जे शब्द कुणाला तरी हिणवण्यातून जन्मले, ते आपण रोजच्या बोलण्यात ठेवायचे का?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. सातवीचा वर्ग. एक मुलगा फार प्रश्न विचारायचा. कवितेतला पाऊस कोणत्या नक्षत्राचा, इथपर्यंत. एकदा तास संपत आला होता, कविता उरली होती आणि मी म्हणालो, ‘‘पुरे कर तुझ्या चांभारचौकशा.’’ वर्ग हसला. मुलगा खाली बसला.

रविवारी वहाणेचा अंगठा तुटला म्हणून एसटी स्टँडबाहेर गेलो. तिथे तोच मुलगा वडिलांशेजारी बसून दोऱ्याला मेण लावत होता. त्याने मान वर केली नाही. वडिलांनी वहाण उलटी करून पाहिली आणि विचारायला लागले, ‘‘सर, उजव्या पायावर भार जास्त देता का? टाच एकाच बाजूनं झिजलीय. दिवसभर उभंच असता? आधीचा अंगठा कुणी शिवला?’’ मग त्यांनी आरीने अंगठा शिवला आणि मी सांगितलं नव्हतं तरी टाचेखाली चामड्याचा पातळ तुकडा रापीने तासून बसवला. मी पुन्हा सरळ चालू लागलो.

त्या चौकशांशिवाय ते काम झालंच नसतं. त्या माणसाचं कसबच त्या प्रश्नांत होतं. आपल्या भाषेने नेमकी त्या कसबाची टिंगल केली, आणि मी ती त्याच्या मुलाच्या पदरात टाकली. सोमवारी भर वर्गात मी त्याची माफी मागितली. तो ‘‘हो सर’’ म्हणाला. वर्ष संपेपर्यंत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

‘बोलताना जात कुणाच्या मनात असते?’ असं आपण म्हणतो. माझ्याही मनात नव्हती. पण ऐकणाऱ्याला ती ऐकू आली, आणि तीच गोष्ट मोठी आहे. दुसरा आक्षेप असतो की अशाने भाषा दुबळी होईल. नसत्या उठाठेवी, नको त्या पंचायती, खोदून खोदून विचारणं, एवढं सगळं मराठीत आहे. एक शब्द खाली ठेवल्याने तिचं काय अडणार आहे?

शब्दाचा उगम पाहावाच, पण निवाडा त्याच्या आजच्या वागण्यावर करावा. ‘गावठी’ हा शब्द माणसाला लावला तर टोचतो, पण बाजारात गावठी अंडी चढ्या भावाने विकली जातात. शब्दाची पत वर जाऊ शकते. खालीही जाते. ‘रांड’ म्हणजे मुळात नवरा गेलेली बाई. समाजाने तिच्या दुःखाची शिवी केली. आजोबा नातवाला लाडाने ‘रांडेच्या’ म्हणतात. त्यांचं प्रेम खोटं नसतं. पण त्याच घरात नवरा गेलेली एखादी सून तो शब्द ऐकत भाकऱ्या थापत असते.

मग गोड नाव दिलं की झालं का? नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकातल्या ‘हरिजन’ या शब्दाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि ते आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांना नाव द्यायचं, त्यांना विचारलंच नव्हतं. २०२३ मध्ये राज्यात विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द पुढे आला, तेव्हाही बायकांनीच तो नाकारला. नाव पवित्र झालं तरी विधवेची ओळख नवऱ्याच्या मरणालाच बांधलेली राहत होती. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मला तो मार्ग अधिक खरा वाटतो.

आणि शब्द पुसून टाका, असं मी म्हणत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच चोर ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं. ज्यांनी तो शब्द अंगावर झेलला, त्यांनी तो पुराव्यासारखा आपल्यापुढे ठेवला. त्यांना तो हक्क आहे. म्हणून मला बाजारात कुणाला तशी हाक मारण्याचा हक्क मिळत नाही.

कोशातून एकही शब्द काढू नये. अशा शब्दापुढे ‘हीनत्वदर्शक’ अशी नोंद करावी आणि तो कुणाला लागतो, हेही लिहावं. जुन्या साहित्यात तो आला तर गाळू नये, मुलांना समजावून सांगावा. आपल्या बोलण्यातून मात्र तो जावा. राज्य शासनाने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलतील, पण पत्ता सांगताना आपण काय म्हणतो, ते शासन ठरवू शकत नाही.

ते वर्गात ठरतं. वाक्प्रचारांची यादी शिकवताना त्या यादीतल्या प्रत्येक जातीचं, प्रत्येक व्यवसायाचं मूल आपल्यासमोर बसलेलं असतं. त्याचा वर गेलेला हात खाली येऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. माझ्या वर्गात तो एकदा खाली आला. तुमच्या वर्गात येऊ देऊ नका.