दूर असलो तरी



आज मी तुम्हांला एक प्रश्न विचारणार आहे. आपल्या गावावर संकट आले आणि आपण त्या वेळी दूर असलो, तर काय करायचे? नुसते रडत बसायचे का?

आपल्या मॉरिशसमध्ये घडलेली हकीकत ऐका. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे मोठे जहाज आपल्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर अडकले. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले. सुमारे १००० टन तेल समुद्रात गेले. माहेबूरजवळचे निळे पाणी काळे झाले.

लोक धावून आले. त्यांनी उसाची वाळलेली पाने, म्हणजे पाचट, कापडी पोत्यांत भरले. पोती शिवली. ती तरंगावीत म्हणून त्यांना रिकाम्या बाटल्या बांधल्या. असे लांबच लांब बांध पाण्यावर सोडून त्यांनी तेल अडवले. केस तेल शोषून घेतात, म्हणून कितीतरी जणांनी आपले केस कापून दिले.

आता विचार करा. पाचट समुद्रात उगवते का? ते उसाच्या शेतांतून आले. केस दिले ते दूरच्या गावांतल्या माणसांनीही. १६ ऑगस्टला भारतातून विमानाने ३० टनांहून अधिक साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक आले. मदतीचे हात किती दुरून येतात, पाहा!

मी त्या वेळी शिक्षणासाठी पुण्याला होते. माझी मावशी माहेबूरला राहते. करोनाच्या साथीमुळे नेहमीची विमाने बंद होती. घरी जाता येईना. जीव नुसता कासावीस झाला. मी मावशीला फोन केला.

“मावशी, मी काय पाठवू? कपडे? खाऊ?”

मावशी म्हणाली, “अगं, कपडे आहेत आमच्याकडे. पण इथली मासेमारी बंद झाली आहे. तुझे काका होडी ओढून घरी बसलेत. कोळ्यांच्या घरी चूल पेटायला हवी, ते बघ.”

मी विचारले नसते, तर नको त्या वस्तू पाठवल्या असत्या. आम्ही मॉरिशसचे काही विद्यार्थी होतो. प्रत्येकाने आपल्या खर्चातून थोडे थोडे पैसे काढले आणि कोळ्यांच्या कुटुंबांसाठी पाठवले. रक्कम लहान होती, पण वेळेवर पोहोचली.

मावशी आणखी एक गोष्ट बोलली. “इथे शेजारची मुले आम्हांला पाणी आणून देतात. तुझ्या शेजारीही कोणाला गरज असेल. जरा डोळे उघडून बघ.”

खरेच, खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहत होत्या. त्यांचा मुलगा परदेशात अडकला होता. साथीमुळे त्यांना बाहेर पडता येत नव्हते. मी रोज त्यांची भाजी आणि औषधे दाराशी ठेवू लागले. माझ्या मावशीच्या दारात कोणाची तरी मुले उभी होती. आजींच्या दारात मी उभी राहिले.

मुलांनो, संकट सांगून येत नाही. उद्या रॉड्रिग्सला चक्रीवादळ आले, तर तुम्ही तिथे धावत जाऊ शकणार नाही. पण तुम्ही विचारू शकता, ‘तुम्हांला काय हवे आहे?’ वह्या हव्या असतील, तर वर्गात मिळून वह्या गोळा करा. आणि तिथला एखादा मुलगा तुमच्या शाळेत आला, तर सरकून बसा. त्याला आपल्या बाकावर जागा द्या.